टर्मिनल मल्टिप्लेक्सरचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासात यंत्रांच्या गतीची व क्षमतेची नोंद विपुल आढळते. तथापि संपर्क तुटल्यावर चालू कामाचे काय होते, हा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. बीडसारख्या जिल्ह्यातून दूरच्या संगणकावर काम करणाऱ्या अभ्यासकासाठी मात्र तोच कळीचा आहे. प्रस्तुत लेखात या अंगाने टर्मिनल मल्टिप्लेक्सरचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९६१ साली एमआयटीमध्ये कालविभाजन पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले आणि एकच संगणक एकाच वेळी अनेकांना वापरता येऊ लागला. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्सने ही परंपरा पुढे नेली. परंतु दूरध्वनीची जोडणी तुटली की त्या टर्मिनलवरील प्रोग्रॅमना 'हँगअप' हा संकेत जाई व ते सामान्यतः बंद पडत. हा संकेत आजही त्याच नावाने कायम आहे.

१९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान व कार्स्टन बोर्मान यांचा 'स्क्रीन' हा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये निकोलस मॅरियट यांनी 'टीमक्स' लिहिला. २००९ मध्ये तो ओपनबीएसडी या प्रणालीचा भाग झाला.

कार्यपद्धती :
मल्टिप्लेक्सर दूरच्या संगणकावर आभासी टर्मिनल उभे करतो. एकाच जोडणीतून अनेक सत्रे चालविता येतात. टीमक्समध्ये 'कंट्रोल-बी' व नंतर 'डी' दाबल्यास सत्र विलग होते; 'अटॅच' या आज्ञेने ते पूर्ववत समोर येते. संपर्क अचानक तुटला तरी सत्र चालूच राहते. मात्र तो दूरचा संगणकच बंद पडल्यास सत्रही संपते.

बीड जिल्ह्याचा संदर्भ :
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. दुसरीकडे पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना होऊन १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी जीएमआरटी येथील 'परम रुद्र' राष्ट्राला अर्पण झाला. अशा यंत्रांवर मोठी गणिते रांगेत सोपविली जातात. परंतु संपादन, चाचणी व देखरेख टर्मिनलवरूनच करावी लागते. वापराची परवानगी असलेल्या बीडच्या संशोधकाची वीज गेली, तरी मल्टिप्लेक्सरमुळे हे काम मध्येच मोडत नाही.

निष्कर्ष :
टर्मिनल मल्टिप्लेक्सरने काम व संपर्क यांची फारकत केली. महानगरात ती सोय ठरते, बीडमध्ये ती गरज आहे. म्हणून महाविद्यालयीन लिनक्स प्रात्यक्षिकात सत्र सुरू करणे, नेटवर्कची केबल काढणे व पुन्हा जोडून घेणे हा प्रयोग आरंभीच समाविष्ट व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.