महत्त्वाकांक्षेचे कोष्टक : इलेक्ट्रॉनिक सिटी आणि राष्ट्रस्वभावाची कल्पना

बंगळूरच्या होसूर रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक सिटीचा उल्लेख मराठी वैचारिक लेखनात बहुधा एका तक्रारीच्या ओघात येतो. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली. ती का गेली, असा प्रश्न विचारला जातो आणि ‘मराठी माणसाला महत्त्वाकांक्षा नाही’ हे उत्तरही त्या प्रश्नाबरोबरच हजर असते. वस्तुतः या स्थलांतराचे निकटचे कारण ‘मायको’ या बंगळूरमधील कारखानदार ग्राहकाचे काम हे होते. ग्राहक जेथे, तेथे कंपनी, इतकी साधी ही बाब. तरीही तिच्यावर एका समाजाच्या स्वभावाचे अनुमान उभे राहते. हे अनुमान कोणत्या परंपरेतून येते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

याच वसाहतीत आणि शहरातील तिच्यासारख्या अन्य आवारांत, देशोदेशींच्या महत्त्वाकांक्षेविषयी शिकवण्याचा एक रीतसर वर्ग भरू लागला होता. परदेशी ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या अभियंत्यांना ‘आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण’ दिले जाई. कॅरल उपाध्या व ए. आर. वासवी यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेसाठी २००६ साली पूर्ण केलेल्या अभ्यासात या वर्गांची दखल घेतली आहे. अमेरिकन माणूस व्यक्तिवादी व स्पष्टवक्ता, भारतीय माणूस वरिष्ठांपुढे नमणारा व ‘नाही’ म्हणू न शकणारा, अशी त्यांतील मांडणी असे. एका मराठी अभियंतेने प्रस्तुत लेखकाला हसत सांगितले, “सर, आमच्या घरी तर सगळ्यांत आधी ‘नाही’च म्हणायला शिकतात.” तिने वहीत मात्र प्रशिक्षकाचे वाक्य उतरवून घेतले होते.

या मांडणीमागील प्रमुख आधारग्रंथ म्हणजे डच अभ्यासक खेर्ट होफस्टेड यांचा १९८० साली प्रसिद्ध झालेला ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’. त्यात चाळीस देशांच्या संस्कृतींना गुणांक दिलेले आहेत. यश व स्पर्धा यांना एखादा समाज किती महत्त्व देतो हे दाखवणाऱ्या परिमाणाला होफस्टेड यांनी ‘पुरुषत्व’ असे नाव दिले (नावाविषयीचा आक्षेप येथे बाजूस ठेवू). त्यात जपानला ९५, भारताला ५६ आणि स्वीडनला ५ गुण मिळाले. हे गुणांक आले कोठून? १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या सुमारे १,१६,००० प्रश्नावल्यांमधून. म्हणजे ‘भारत’ या शीर्षकाखाली मोजली गेली ती एका अमेरिकन कंपनीच्या भारतीय नोकरदारांची मते. एका कंपनीतून राष्ट्राकडे घेतलेल्या या उडीवर ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली कठोर टीका केली, ती रास्तच आहे.

भारतीय संदर्भात त्यापुढची एक गंमतही नोंदवली पाहिजे. परकीय भांडवलाच्या प्रमाणाविषयीच्या वादातून आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. नेमक्या त्याच वर्षी, १९७६ साली स्थापन झालेल्या ‘केऑनिक्स’ या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांतील ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी उभारण्यास घेतली. कंपनी गेली, तिच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांपासून बनलेले ‘भारतीय मन’ मात्र पुढे या वसाहतीतील पिढीला तिचीच ओळख म्हणून शिकवले गेले.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना यापूर्वीचा एक प्रयोग अधिक जवळचा वाटावा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी ‘द अचीव्हिंग सोसायटी’ (१९६१) या ग्रंथासाठी शालेय क्रमिक पुस्तकांतील बालकथा गोळा केल्या आणि त्यांत कर्तृत्वाची आकांक्षा किती वेळा डोकावते याची मोजदाद केली. कथांतील आकांक्षा वाढली की काही वर्षांनी देशाचे अर्थोत्पादन वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कथेला इतका थेट आर्थिक मान क्वचितच कोणी दिला असेल! परंतु त्यात निवेदकाचा सूर, उपरोध, कथेचे मूळ व तिचे भाषांतर यांना स्थान नव्हते. लोभी माणसाची फजिती सांगणारी गोष्ट लोभाविरुद्ध बोलते की लोभाची चटक लावते, हे मोजणाऱ्याने कसे ठरवावे? विशेष म्हणजे मॅक्लेलँड यांनीच पुढे काकिनाडा येथील व्यावसायिकांना अल्पमुदतीचे प्रशिक्षण देऊन त्यांची उद्यमशीलता वाढल्याचे डेव्हिड विंटर यांच्यासह १९६९ साली ग्रंथरूपाने मांडले. अल्प मुदतीत जे बदलते त्याला राष्ट्रस्वभाव म्हणावे काय, हा प्रश्न त्यांच्याच प्रयोगातून उपस्थित होतो.

इतिहासात डोकावले तर हे स्वभाव अधिकच अस्थिर दिसतात. ‘ॲम्बिशन’ या शब्दाचे लॅटिन मूळ मतांसाठी दारोदार फिरण्याशी निगडित आहे. दीर्घकाळ तो निंदाव्यंजकच होता. १८४० साली तॉकव्हिल यांना अमेरिकेत महत्त्वाकांक्षी माणसे उदंड पण उत्तुंग महत्त्वाकांक्षा दुर्मीळ दिसली. सॅम्युअल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ (१८५९) नाकामुरा मासानाओ यांनी १८७१ मध्ये जपानीत नेले आणि मेइजी काळातील तरुणांनी ते डोक्यावर घेतले. होफस्टेड यांच्या कोष्टकातील ‘९५’च्या मागे अनुवादाचाही इतिहास आहे.

मराठीत ही चर्चा परक्या कोष्टकांची वाट पाहत थांबली नव्हती. वि. का. राजवाडे यांनी ‘सहिष्णु’ व ‘जयिष्णु’ असा भेद करून रामदासांच्या महाराष्ट्रधर्माला जयिष्णु ठरवले आणि वारकरी संतांच्या उपदेशाला निष्क्रियतेचा दोष दिला. न्या. रानडे यांनी १९०० साली ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’मध्ये त्याच संतपरंपरेत मराठ्यांच्या उदयाची भूमी पाहिली. एकच वाङ्मय, आणि कर्तृत्वाविषयीचे दोन विरुद्ध निष्कर्ष. आज ‘मराठी माणूस समाधानी’ असे सहजपणे म्हणणारे लेखक नकळत राजवाड्यांच्या अर्ध्या विधानावर विसंबलेले असतात.

याच प्रदेशाचा उद्योगेतिहास तर या समजुतीला सरळ छेद देतो. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, आणि कारखान्याच्या या पत्रिकेचेच पुढे मराठीतील महत्त्वाचे मासिक झाले. १९४६ साली किर्लोस्करांची विद्युत्-यंत्रांची कंपनी बंगळूरमध्येच सुरू झाली. इन्फोसिसच्या स्थलांतरापूर्वी ३७ वर्षे! त्यावेळी ‘कन्नड माणसाला महत्त्वाकांक्षा नाही’ असे अनुमान कोणी काढले असते तर ते हास्यास्पद ठरले असते.

राहता राहिला प्रश्न ‘भारतीय’ म्हणून कोणाला मोजले गेले याचा. उपरोक्त अभ्यासाने हेही दाखवले की या उद्योगातील नोकरदार बहुतांशी शहरी, मध्यमवर्गीय व उच्चवर्णीय होते. प्रशिक्षणवर्गात ज्याला भारतीय संस्कृती म्हटले गेले ती त्यांच्या घरांतील. ज्या दोन गावांच्या जमिनीवर ही वसाहत झाली तेथील शेतकऱ्यांच्या आकांक्षा या कोष्टकाच्या कोणत्याच रकान्यात आल्या नाहीत. त्यांपैकी एका गावाच्या नावात ‘अग्रहार’ हा शब्द आहे. विद्वान ब्राह्मणांना इनाम दिलेल्या वसतीला तो लावला जात असे.