नव्व्याण्णव वर्षांचा करार

बेंटनव्हिलला आमच्याकडे पाहुणे आले की चौकातलं वॉलमार्ट म्युझियम ठरलेलंच. प्रवेश फुकट, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही! सॅम वॉल्टन यांचं 'वॉल्टन्स फाइव्ह अँड टेन' हे जुनं दुकान इथलंच. मुलं त्यांच्या १९७९ च्या फोर्ड ट्रकपाशी रमतात. मला मात्र दर वेळी आठवतं ते त्याआधीचं, हातचं गेलेलं दुकान.

१९४५ साली आर्कान्सातल्याच न्यूपोर्टला सॅमनी स्वतःचे ५,००० आणि सासऱ्यांचे उसने २०,००० डॉलर घालून ते घेतलं. पाच वर्षांत वर्षाची विक्री ७२,००० वरून अडीच लाखांवर नेली. पण भाडेकरारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं! जागामालकाला दुकान मुलासाठी हवं होतं. त्याने माल-सामानाची रास्त किंमत दिली, पण गाव सोडावं लागलंच. मग १९५० मध्ये बेंटनव्हिल. इथे शेजारचा गाळा घेताना सासरेबुवांनी करार केला तो थेट ९९ वर्षांचा.

आमचं सगळंच मुदतीवर: व्हिसा तीन वर्षांचा, प्रोजेक्ट सहा महिन्यांचा. परवा म्युझियममधून आल्यावर बायको म्हणाली, "अहो, आपलं लीज मार्चपर्यंतच आहे ना?" कागद काढले आणि पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचले.