जात्यापाशी सुटलेला आवाज

सोलापूरच्या राम जोशींची हकिकत आपल्याला ठाऊक आहे. घर शास्त्री-पुराणिकांचे, मुलाची ओढ मात्र तमाशाच्या फडाकडे. थोरले बंधू मुद्गल जोशी यांनी त्यांना घराबाहेर काढले. कविता वाचली, पण घर तुटले.

याच जिल्ह्यात बार्शीला 1916 साली मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. पुढे ते शाहीर अमर शेख झाले. त्यांच्यावर लिहिणारे गिरणीतला संप, तुरुंगवास, लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ यांविषयी भरभरून लिहितात. ते योग्यच आहे. पण या साऱ्याच्या आधी मुनेरबी होत्या. आईच्या ओव्या आणि लोकगीते ऐकतच हा मुलगा वाढला. त्यांच्या शाहिरीचे मूळ मला इथेच दिसते.

जात्याचे महत्त्व आपण फार लवकर विसरलो. खेड्यापाड्यांतल्या मुसलमान बायाही दळताना मराठीतून ओव्या गात. सासुरवास, भावाची वाट, आईची आठवण, जे चारचौघांत बोलायची सोय नव्हती ते दळणाबरोबर बाहेर पडे. तेरा-चौदा वर्षांची पोर आईसमोर बसून खुंट्याला हात लावी. तिला कोणी ‘भावना व्यक्त कर’ असे सांगत नव्हते. आई गात होती, एवढेच पुरे होते. पुढे पिठाची गिरणी आली. बायांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण मन मोकळे करायची ती जागा गेली, आणि तिच्या बदल्यात आपण मुलांना दुसरी काही दिली नाही.

आज मोहल्ल्यातल्या मुलाची अडचण दुहेरी आहे. घरात दखनी, वर्गात पुस्तकी मराठी किंवा उर्दू. रडू येते एका भाषेत, निबंध लिहायचा दुसरीत. बाहेर त्याच्या बोलीला हसतात, घरी ‘शायरीने पोट भरत नाही’ म्हणून वही मिटायला लावतात. मुलीची वही तर लपवूनच ठेवावी लागते. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या, फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. आपले जगणे मराठीत लिहिता येते, हा भरवसा त्या व्यासपीठाने मोठ्यांना दिला. पंधरा वर्षांच्या पोरापर्यंत तो पोचवायचा तर आधी त्याला दखनीत लिहू द्यावे. वृत्त, शुद्धलेखन नंतर पाहता येते. आणि वही त्याने दाखवली तरच वाचावी. (चोरून वाचलेल्या वहीत पोरगं पुन्हा खरे लिहीत नाही.)

अमर शेखांचा ‘कलश’ 1958 साली आला. त्यांच्या मुलीचा, मलिका अमर शेख यांचा ‘वाळूचा प्रियकर’ 1979 साली. तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या.