सभा पुण्याची, चाल अंकलीची

येळ्ळूरचं साहित्य संमेलन भाषणाने नाही, ग्रंथदिंडीने सुरू होतं. पालखीत पोथ्या, पुढे टाळ-मृदंग, लेझीम, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. पालखी गावातून फिरून मंडपात आली की मग दीपप्रज्वलन. कडोली, उचगाव, सांबरा अशी बेळगाव तालुक्यात जिथे जिथे गावकऱ्यांची संमेलनं भरतात, तिथे रिवाज हाच. हा आला कुठून?

सोपं उत्तर पुण्याकडे बोट दाखवतं. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी ग्रंथकारांना एकत्र केलं, त्याचंच पुढे मराठी साहित्य संमेलन झालं. १९४६ च्या बेळगाव संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि संमेलन सीमाभागाच्या जिव्हाळ्याचं झालं. संमेलनाचं कूळ म्हणून हे ठीक. दिंडीचं? ग्रंथकारांच्या त्या सभेत मृदंग कोण वाजवणार होतं? १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी तर अशा सभेला यायलाच नकार दिला. कष्टकऱ्यांच्या हक्कांशी तिला देणंघेणं नाही, हा त्यांचा आक्षेप. पालखीला खांदा देणारा शेतकरी त्या सभेत नव्हताच.

खरा धागा लागतो तो घोड्यांपाशी. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालणारे दोन अश्व ना आळंदीचे, ना पुण्याचे. ते येतात अंकलीहून. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातल्या या कृष्णाकाठच्या गावी शितोळे सरकारांचा वाडा आहे. तिथून निघून सुमारे तीनशे किलोमीटरची वाट तुडवत ते आळंदी गाठतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी पालखी सुरू केली हे सर्वांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, शिंद्यांच्या दरबारी वावरलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा काढून त्याला लष्करी शिस्त लावली, आणि त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती शितोळ्यांची अंकली. पुढे कोण, मागे कोण, मान कुणाचा, हा दिंडीचा सारा कायदा घडताना बेळगाव जिल्ह्याचा हात त्यात होता.

अडचण एकच. वारीच्या पालखीत पादुका असतात, पोथी नव्हे. मधला दुवा माझ्या मते गावोगावच्या पारायण सप्ताहाचा. सात दिवस ज्ञानेश्वरी वाचून झाली की तीच पालखीत ठेवून गावप्रदक्षिणा काढायची. पादुकांच्या जागी ग्रंथ आला तो इथेच. संमेलनाने त्याच पालखीत आणखी चार पुस्तकं ठेवली.

दुसरा दावेदार मात्र तगडा आहे, आणि तो कानडी आहे. बाराव्या शतकात बसवकल्याणात रक्तपात झाल्यावर शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांनी, वचनांची बाडं वाचवत उळवीची वाट धरली, आणि वाटेत याच जिल्ह्यात कादरवळ्ळीला लढाई झाली, अशी लिंगायत परंपरा सांगते. वचनांचे ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवणूक काढण्याची रीतही त्यांच्यात आहे. मग ग्रंथाला देवाचा मान द्यायला येळ्ळूर शेजाऱ्यांकडून शिकलं असेल का? भाव तिथून आला असेल, नाकारत नाही. पण चाल नाही. तिकडे डोक्यावर ग्रंथ असतो. येळ्ळूरला डोक्यावर तुळस आणि ग्रंथ पालखीत. ही खूण वारकऱ्यांचीच.

१ नोव्हेंबर १९५६ ला अंकली आणि येळ्ळूर दोन्ही म्हैसूर राज्यात गेली. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक न्यायालयाच्या आदेशाने हटवला गेला, लाठ्याही चालल्या. फलक उखडता येतो. दिंडीला मात्र रोवलेला खांब लागत नाही, चालणारी माणसं लागतात. ती या गावात आहेत. आणि फुल्यांना सभेत जो शेतकरी दिसला नव्हता, तोच आता भाताच्या शिवारातून येऊन मंडप घालतो, वर्गणी काढतो आणि शहरातल्या लेखकाला अध्यक्ष म्हणून बोलावतो.