डेव्हनची सायडर का कळकली?

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवू नये, ते कळकते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकलेले असते. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेची आमटी करायची कोणाची छाती नव्हती. आंबट पदार्थाचे आणि धातूचे जमत नाही, ही गोष्ट रसायनशास्त्र न शिकताही घरोघरी माहीत होती. तरीही इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन परगण्यात एका आंबट पेयाने अनेक वर्षे माणसे आजारी पडत राहिली, आणि कारण शोधायला १७६७ साल उजाडावे लागले. ते कसे शोधले गेले, हे आम्हाला वर्गात सांगण्याजोगे वाटते.

हे पेय म्हणजे सायडर, सफरचंदाचा आंबवलेला रस. शरद ऋतूत फळे दगडी घाणीत चिरडायची, लगदा दाबून रस काढायचा आणि तो लाकडी पिंपात भरून ठेवायचा. रसातल्या साखरेचे किण्व अल्कोहोल करते. सफरचंदातले मॅलिक आम्ल बरेचसे तसेच राहते. थंडीत ही सायडर तापवून, साखर, जायफळ, सुंठ, दालचिनी घालून प्यायची पद्धत होती. वर भाजलेली सफरचंदे तरंगत. (जायफळ बांदा बेटांचे आणि दालचिनी श्रीलंकेची, त्या काळी दोन्हींचा व्यापार डचांच्या मुठीत होता.) जानेवारीच्या रात्री गावकरी हा मसाल्याचा वाडगा घेऊन फळबागेत जमत, झाडाच्या मुळाशी सायडर ओतत, फांदीवर त्यात भिजवलेला पावाचा तुकडा ठेवत आणि बंदुकीचे बार काढत. या सोहळ्याला वॅसेल म्हणतात. इंग्लंडने १७५२ साली पंचांग बदलले, तरी काही गावांनी जुनी तिथी सोडली नाही. तिथे वॅसेल आजही १७ जानेवारीला होते. वॅसेल हा शब्द ज्या जुन्या अभिवादनातून आला, त्याचा अर्थ ‘निरोगी राहा’ असा आहे.

आणि हेच पेय पिणारे निरोगी राहत नव्हते. पोटात असह्य कळा, हट्टी बद्धकोष्ठ, फिकट चेहरा आणि पुढे हातांतली शक्ती जाऊन मनगटे लुळी लोंबू लागणे, असा हा आजार. ‘डेव्हन कॉलिक’, म्हणजे डेव्हनची पोटदुखी, हेच त्याचे नाव पडले. सर्वांत जास्त भोगले ते शेतमजुरांनी. त्या भागात मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपाने देण्याची रीत होती. ती कायद्याने बंद व्हायला १८८७ साल लागले. म्हणजे नको म्हणण्याची सोयही त्यांना फारशी नव्हती.

प्लिमथचा डॉक्टर जॉन हक्सम याने १७२४ सालच्या साथीचे बारकाईने वर्णन केले. त्या वर्षी सफरचंदांचे अमाप पीक आले होते. सायडर भरपूर झाली आणि पोटदुखीही भरपूर झाली, हे त्याने अचूक टिपले. दोष मात्र त्याने रसाच्या आंबटपणाला दिला. हक्समला हसू नये. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांतली डोळ्यांपुढची तेवढी धरायची, ही चूक आपणही रोज करतो.

त्याच डेव्हनमध्ये जन्मलेल्या जॉर्ज बेकर या डॉक्टरने वेगळा प्रश्न विचारला. हेरफर्ड, ग्लॉस्टर, वूस्टर या परगण्यांतही सायडर होते, लोक ती मनसोक्त पितात, आणि तीही आंबटच असते. मग तिथे ही पोटदुखी का नाही? शिवाय आजाराची लक्षणे त्याला ओळखीची वाटली. शिशाचे काम करणारे कारागीर आणि रंगारी यांना नेमका असाच त्रास होतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. तेव्हा सफरचंद सोडून त्याने भांड्यांकडे पाहायला सुरुवात केली.

डेव्हनमधल्या घाणीची गोल दगडी पन्हळ अनेक तुकडे जोडून केलेली असे. ते तुकडे लोखंडी पट्ट्यांनी आवळून सांध्यांत वितळलेले शिसे ओतत. काही ठिकाणी रस गाळण्याच्या चरकालाही शिशाचा पत्रा ठोकलेला असे. हेरफर्डकडे शिसे वापरण्याची पद्धत जवळजवळ नव्हती. रसातले आम्ल शिशावर हळूहळू काम करते आणि विरघळणारे क्षार तयार होतात. त्यांतला एक, लेड ॲसिटेट, चवीला चक्क गोड असतो. त्याला ‘शिशाची साखर’ असेच म्हणत. त्यामुळे सायडर बिघडली आहे, असे जिभेला कळायचा प्रश्नच नव्हता. वॅसेलचा पारंपरिक वाडगा मात्र कठीण लाकडाचा कोरलेला असे. तो बिचारा निर्दोष.

तर्क जुळला, पण पुरावा हवा होता. बेकरने दोन्हीकडच्या सायडरमध्ये गंधकाचे संयुग घालून पाहिले. डेव्हनची काळवंडली, हेरफर्डची नाही. सल्फाइडने शिसे काळे पडते हे आपल्या शाळेतल्या किपच्या उपकरणानेही दाखवता येते. पण इथे थांबून मुलांना विचारावे: काळा रंग म्हणजे शिसेच कशावरून? तांब्याचे सल्फाइडही काळेच असते. बेकरने पुढची पायरी गाठली. डेव्हनच्या सायडरच्या १८ बाटल्या आटवून, उरलेला अंश मुशीत तापवून त्याने प्रत्यक्ष धातू बाहेर काढला. तळाशी साडेचार ग्रेन शिसे मिळाले.

साडेचार ग्रेन म्हणजे सुमारे २९० मिलिग्रॅम. बाटली पाऊण लिटरची धरली, तर लिटरमागे २० मिलिग्रॅमहून थोडे अधिक. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. भागाकार मुलांनीच करावा.

बेकरचा निबंध १७६७ साली लंडनच्या डॉक्टरांपुढे वाचला गेला. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिननेही त्याला अमेरिकेतली माहिती पुरवली होती: रम गाळण्याच्या यंत्रात शिशाचे भाग वापरू नयेत असा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १७२३ सालीच झाला होता, कारण ती रम पिऊन लोकांना अशाच कळा येत. पण डेव्हनमध्ये स्वागत झाले ते टीकेचे. सायडरवाले चिडले, आणि टॉमस ॲलकॉक नावाच्या धर्मोपदेशकाने विरोधात लिहिले. या रागामागची परिस्थितीही पाहायला हवी. १७६३ साली सरकारने सायडरवर कर बसवला होता, सफरचंदाच्या मुलखात त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि १७६६ साली तो मागे घ्यावा लागला. त्या लढ्यातून नुकतेच सुटलेल्या शेतकऱ्यांना घरचाच माणूस सांगत होता की तुमच्या मालात विष आहे. आम्ही त्यांच्या जागी असतो, तर बेकरला लगेच धन्यवाद दिले असते असे छातीठोकपणे सांगवत नाही.

पण मुद्दा असा होता की बेकरने सायडर सोडा असे सांगितलेच नव्हते. सफरचंदे तीच, रस तोच. फक्त घाणी आणि चरकातले शिसे काढून टाकायचे होते. विरोध करता करता लोकांनी ते काढलेही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही पोटदुखी विरळ झाली.

शिसे मात्र गेलेले नाही. दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे, असा जगभरचा अंदाज युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केला. आता पुन्हा आजीच्या पातेल्याकडे वळू. कल्हई म्हणजे कथिलाचा लेप. त्या कथिलात कोणी स्वस्ताईसाठी शिसे मिसळले, तर ताक कळकणार नाही, रंग पालटणार नाही, जिभेला काही जाणवणार नाही. अशा भांड्यातल्या ताकाच्या दोन थेंबांवर सल्फाइडचा प्रयोग केला आणि ते काळे पडले, तर त्यावरून आपल्याला नेमके काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही? नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. एक तास पुरणार नाही.