डावा कोपरा : फझल अत्राचली आणि महाराष्ट्राची कबड्डी

फझल अत्राचली हा इराणचा कबड्डीपटू. त्याचा जन्म १९९२ मध्ये झाला. ईशान्य इराणच्या गुलिस्तान प्रांतातले गोन्बद-ए-कावूस हे त्याचे गाव. तो भाग कुस्तीसाठी ओळखला जातो आणि फझलही आधी कुस्तीच खेळत असे. पोटापाण्यासाठी भारतात येऊन नाव कमावलेल्या परदेशी कबड्डीपटूंमध्ये त्याची कारकीर्द सर्वांत दीर्घ आणि सर्वांत भरीव आहे. तिचा मोठा भाग मुंबई आणि पुणे या दोन संघांकडून खेळताना घडला.

बाहेरून आलेल्या कसबी माणसाच्या जोरावर धंदा उभा राहणे महाराष्ट्राला नवे नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेशातून आणि तेलंगणातून आलेल्या कारागिरांच्या पिढ्या खपल्या. कबड्डीत मात्र उलटे होते. हा खेळ महाराष्ट्राने बाहेर पाठवायचा, असाच रिवाज होता. हुतुतूला नियमांची चौकट देण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मराठी क्रीडामंडळांचा मोठा वाटा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक जर्मनीत दाखवले. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आशियातल्या देशांमध्ये खेळ रुजवण्यासाठी आयुष्य वेचले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला.

इराणात ही बीजे चांगली रुजली. दम टिकवून खेळण्याचा एक जुना खेळ तिथेही होता, आणि कुस्तीमुळे अंगात पकड होतीच. २००४ मध्ये मुंबईत आणि २००७ मध्ये पनवेलला विश्वचषक स्पर्धा झाल्या. दोन्हींच्या अंतिम सामन्यांत भारतासमोर इराण उभा होता. पहिला सामना भारताने ५५-२७ असा सहज जिंकला, दुसरा २९-१९ असा. तीन वर्षांत अंतर किती कमी झाले होते, ते या गुणफलकांवरूनच दिसते.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. प्रत्येक संघात परदेशी खेळाडू घेण्याची सोय असल्याने इराण, दक्षिण कोरिया, बांगलादेश इथल्या खेळाडूंना भारतात कामाची नवी वाट मिळाली. फझल दुसऱ्या हंगामात, २०१५ मध्ये, यू मुंबात आला. अनुपकुमारच्या नेतृत्वाखालच्या त्या संघाने अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी फझल पाटणा पायरेट्सच्या विजेत्या संघात होता.

त्याची जागा डाव्या कोपऱ्यात. कबड्डीत प्रेक्षकांचे डोळे चढाईपटूवर असतात, कारण एकटा माणूस सातांच्या अंगणात शिरतो आणि तीस सेकंदांत परत यायचे असते. कोपरारक्षकाचे काम त्याहून कमी दिसणारे, पण माझ्या मते अधिक अवघड. चढाईपटू आत येईपर्यंत थांबायचे, त्याचा पाय बोनस रेषेकडे वळला की घोट्याला हात घालायचा, आणि साखळीतला जोडीदार येईपर्यंत तो सोडायचा नाही. क्षणभर घाई झाली की गुण समोरच्याला जातो. फझलची ताकद या थांबण्यात आहे. पुढे झुकून वाट पाहायची, एकदा धरले की सोडायचे नाही, ही कुस्तीतली शिस्त त्याने मॅटवर आणली. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना होणारी अव्वल पकड दोन गुण देते. अशा अडचणीच्या वेळी संघ त्याच्या कोपऱ्यावर विसंबत आला. चाहत्यांनी त्याला ‘सुलतान’ म्हटले ते याच धीरामुळे.

एका खेळात कमावलेले अंग दुसऱ्या देशात, दुसऱ्या खेळात कामी येते, याचे अमेरिकेतले ठळक उदाहरण म्हणजे ख्रिश्चन ओकोये. नायजेरियातला हा थाळीफेकपटू शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियात शिकायला गेला. १९८४ च्या ऑलिंपिकसाठी देशाच्या संघात जागा मिळाली नाही, तेव्हा तेविसाव्या वर्षी तो अमेरिकन फुटबॉलकडे वळला. चेंडू हातात घेऊन बचावफळी फोडत धावणारा ‘रनिंग बॅक’ म्हणून कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला १९८७ मध्ये घेतले. १९८९ च्या हंगामात १,४८० यार्ड धावून तो अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये अव्वल ठरला. त्याला पाडणे अवघड होते. फझलच्या हातून सुटणे अवघड आहे. दुखापतींमुळे ओकोयेची कारकीर्द सहा हंगामांत आटोपली. फझल मात्र दहा वर्षांनंतरही खेळत राहिला.

२०१८ हे त्याच्या आयुष्यातले मोठे वर्ष. त्या वर्षीच्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजले आणि पुढे कर्णधारपदही दिले. कोट्यवधींची बोली बहुधा चढाईपटूंवर लागते. ती एका बचावपटूवर, तोही परदेशी, लागली, याचे महत्त्व फक्त पैशापुरते नाही. पकडीची किंमत बाजाराने मान्य केली. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात भारताला २७-१८ असे हरवले आणि नंतर सुवर्णपदकही जिंकले. इराणच्या महिलांनीही अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवून सुवर्ण घेतले. त्यांच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. बुवा साळवींनी सुरू केलेल्या देवाणघेवाणीचे ते फळ होते, आणि त्या पराभवाचे दुःख होत असतानाही हे मान्य करायला हवे.

२०२२ मध्ये पुणेरी पलटणने फझलला एक कोटी ३८ लाखांना घेतले. त्याच्या नेतृत्वाखाली पुणे अंतिम फेरीत पोहोचले. १७ डिसेंबरला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने त्यांना ३३-२९ असे हरवले. पुढच्या हंगामात पुण्याने दुसऱ्या इराणी खेळाडूला, मोहम्मदरेझा शादलूला, दोन कोटी ३५ लाखांची बोली लावली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून अस्लम इनामदारच्या संघाने पुण्याला पहिले विजेतेपद मिळवून दिले.

फझल तोवर गुजरातकडे गेला होता, नंतर बंगालकडे आणि मग दिल्लीकडे. वय वाढले तशी जागा बदलली नाही. डावा कोपरा तोच राहिला. लीगच्या इतिहासात पकडींचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर जमा झाले. २०२५ च्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने ३१-२८ असा विजय मिळवला आणि फझलच्या खात्यावर तिसरे विजेतेपद आले. हरलेला संघ होता पुणेरी पलटण.