‘बेगम’ आणि ‘खानम’ : एका प्रत्ययाचा इतिहास

आपल्या हैदराबादेत ‘बेगम’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याची फोड करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. भाषाभ्यासकांच्या प्रचलित मतानुसार मात्र ती जोड आहे. ‘बेग’ म्हणजे तुर्की सरदार आणि ‘उम’ हा ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय. ‘खान’पासून ‘खानम’ झाले तेही याच रीतीने.

तुर्की कुळातील भाषांत स्वामित्वाचा प्रत्यय नामालाच लागतो. आजच्या तुर्कस्तानच्या भाषेत ‘एव’ म्हणजे घर, ‘एविम’ म्हणजे माझे घर. आधी अनेकवचन, मग स्वामित्व आणि शेवटी विभक्ती असा क्रम असतो : ‘एव-लेर-इमिझ-देन’ म्हणजे ‘आमच्या घरांतून’. मराठीत विभक्ती लागताच ‘घोडा’चे ‘घोड्या’ होते. तसे सामान्यरूप तेथे नाही. उलट प्रत्ययातील स्वरच मूळ शब्दाच्या स्वराशी जुळवून घेतो. म्हणून ‘माझी शाळा’ हे ‘ओकुलुम’ होते.

हे प्रत्यय पुरातन आहेत. मंगोलियातील ओर्खोन खोऱ्यात इ. स. ७३२ व ७३५ मधील शिलालेख आहेत. त्यांची लिपी डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी १८९३ साली उलगडली. त्या भाषेत ‘दा’ हा एकच प्रत्यय सप्तमी आणि पंचमी या दोहोंचे काम करी. बाबराच्या चगताई तुर्कीत पंचमीला ‘दिन’ हा स्वतंत्र प्रत्यय आढळतो.

बाबराच्या घरातच या दोन पदव्यांचा भेद दिसतो. त्याची आई कुत्लुग निगार ‘खानम’, कारण ती चंगेजखानाच्या वंशातील युनूसखानाची कन्या. तिचीच मुलगी खानजादा मात्र ‘बेगम’, कारण तिचे वडील उमर शेख मिर्झा तैमूरच्या वंशातले. नावापुढील एका शब्दावरून पितृकुळ कळत असे.

बाबराने आत्मचरित्र तुर्कीत लिहिले. नातू अकबराच्या हुकमावरून अब्दुल रहीम खानखानाने ते फारसीत आणले. दरबारात फारसीचे वर्चस्व वाढत गेले आणि तुर्की मागे पडली. प्रत्यय तेवढा उरला, तोही अर्थ हरवून. म्हणूनच कोणी ‘मेरी बेगम’ म्हणतो तेव्हा नकळत ‘माझी’ दोनदा म्हणतो.

येथील दखनीत ‘ऐसाच’, ‘वैसाच’ हा ठासून सांगणारा ‘च’ कानी पडतो, तो मराठीचा मानतात. ज्यांच्या घरात मराठी कधी बोलली गेली नाही, त्यांच्याही तोंडी तो आहे. आपल्या घरांतील मुले मराठीचे किती शब्द राखतील, याची चिंता आपल्याला असतेच. ‘बेगम’चा दाखला सांगतो की, बोलणारे नसतील तर प्रत्यय टिकूनही त्याचा अर्थ टिकत नाही.